वटवाघूळ, भुंगेरा आणि मधली काच

भुंगेबाईंना राग यायला कारण लागायचं नाही, जागा मात्र ठरलेली होती. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, कीटकांच्या दालनाच्या तोंडाशी त्यांची खुर्ची होती. त्या खुर्चीत बसलं की समोरून माणसं जाताना दिसायची. थांबताना नाही, नुसती जाताना. तळमजल्यावर देवमाशाचा सांगाडा, जिन्याच्या वळणावर पेंढा भरलेलं अस्वल, उजवीकडच्या दालनात हाडं आणि पक्षी. एवढं सगळं बघून पाय दुखायला लागले की माणसं कीटकांच्या दालनात शिरायची, कारण त्याच्या पलीकडच्या टोकाला स्वच्छतागृह होतं.

"बाई, टॉयलेट इकडूनच ना?"

"इकडूनच," भुंगेबाई म्हणायच्या. "वाटेत थोडे किडे आहेत, ते बघितलेत तरी चालेल. तिकीट त्याचंही घेतलंय तुमच्याकडून."

माणसं कसंनुसं हसायची आणि पावलं उचलायची. येताना ओले हात झटकत यायची, तेव्हाही कुणी काचांकडे बघायचं नाही. एकदा एका गृहस्थांनी फुलपाखरांच्या पेटीच्या काचेत बघून भांग पाडला होता. ही गोष्ट भुंगेबाई घरी इतक्यांदा सांगायच्या की सासूबाईंना ती पाठ झाली होती.

काम त्यांचं किचकट. मेलेला किडा वाफेवर नरम करायचा, टाचणीला टोचायचा, पाय एकेक करून पसरायचे, मिशा सरळ करायच्या आणि वाळू द्यायचा. नाकातून श्वास जरा जोरात सुटला तरी मिशी तुटते. उभ्या जन्मात त्यांनी असे किती किडे लावले त्याला गणती नाही. आणि तेवढीच वर्षं त्या एका गोष्टीला घाबरून राहिल्या. वाळलेले किडे आतून पोखरून खाणारा एक बारीक तपकिरी भुंगेरा असतो. त्याची केसाळ अळी एकदा का पेटीत शिरली की बाहेरून किडा जसाच्या तसा दिसतो, आणि आतून त्याचं पीठ झालेलं असतं. टाचणीखाली तपकिरी भुकटी दिसली की समजायचं, सगळं आटोपलं. म्हणून भुंगेबाई दर सोमवारी एकेक खण उघडून भुकटी शोधायच्या, खणात डांबरगोळ्या ठेवायच्या, आणि लोकरीचा स्वेटर घालून आलेल्या माणसाला आतल्या खोलीत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. झाडूवालीला त्या दारातच कपडे झटकायला लावायच्या. झाडूवाली मागे काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

आता नशिबाची थट्टा बघा. बोळाच्या पलीकडे, बरोबर समोर, हाडवाल्यांची खोली होती. हाडवाले म्हणजे सांगाडे तयार करणारे. मेलेल्या जनावराची हाडं सुऱ्यानं तासून स्वच्छ होत नाहीत. बारीक हाडं तर मोडूनच जातात. म्हणून हाडवाल्यांनी एका पत्र्याच्या टाकीत तेच भुंगेरे, निदान त्यांचे सख्खे चुलतभाऊ, पाळले होते. सोललेलं, वाळवलेलं जनावर टाकीत ठेवलं की अळ्या मांसाचा कण न् कण फस्त करायच्या आणि हाडं लखलखीत उरायची. म्हणजे बोळाच्या अलीकडे ज्यांच्या नावानं बोटं मोडायची, त्यांनाच पलीकडे ऊब देऊन, पाणी शिंपडून, पोटच्या पोरांसारखं वाढवायचं!

"एक दिवस तुमची ही पिलावळ माझ्या खणात सापडेल," भुंगेबाई म्हणायच्या.

"बाई, माझे किडे शहाणे आहेत. भिंत ओलांडत नाहीत," हाडवाले म्हणायचे आणि पोट हलवत हसायचे.

हाडवाले सगळ्यांना आवडायचे, हे तर भुंगेबाईंचं खरं दुखणं. अंगाला मेल्या उंदराचा वास, शर्टाचं शेवटचं बटण कायम उघडं, पण दालनात उभे राहून नुसतं "हे बघा" म्हणाले की माणसं बघायची. आया पोरांना त्यांच्याकडे ढकलायच्या, "काकांना विचार." भुंगेबाईंना आजवर कुणी काही विचारलं असेल तर ते टॉयलेट.

त्यात घरी दुसऱ्याच एका भुंगेऱ्याचं प्रकरण झालं. संग्रहालयाच्या मागचं एक जुनं झाड माळ्यानं पाडलं, तेव्हा त्याच्या कुजक्या बुंध्यात त्यांना एक अळी मिळाली. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून घरी आणली, बादलीत कुजकं लाकूड भरून त्यात सोडली आणि बादली नवऱ्याच्या शिलाई मशीनच्या पायाशी ठेवली, कारण घरात तेवढीच जागा रिकामी होती. नवरा शिंपी. गरीब स्वभावाचा माणूस. पाय मशीनवर आणि बोटं बादलीला लागणार नाहीत अशी वाकडी धरून त्यानं कित्येक महिने कपडे शिवले.

"आई, तुमच्या सुनेनं आता किडाही दत्तक घेतला," तो म्हणायचा.

"खातो काय तो?" सासूबाईंनी विचारलं.

"कुजकं लाकूड."

"मग असू दे. तुझ्यापेक्षा स्वस्तात पडतो."

अळी खात राहिली, फुगत राहिली, मग मातीत घर करून बसली, आणि फार दिवसांनी एका दुपारी बादलीतून खरवडल्याचा आवाज आला. बाहेर आला तो गेंडा-भुंगेरा. काळा तुकतुकीत, नाकावर मागे वळलेलं शिंग, बुटाला पॉलिश करावं तशी पाठ. तो दोन-तीन महिने जगला. संध्याकाळी घरभर घुंईं करत उडायचा आणि दिव्यावर आपटून सासूबाईंच्या मांडीत पडायचा. पुढे आपणहून मेला. भुंगेबाईंनी त्याला मारला नाही, हे त्या आवर्जून सांगायच्या. त्याला त्यांनी उडताना दिसावा तसा लावला: पाठीवरची दोन्ही टणक झाकणं वर उचललेली, आणि त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले पातळ पंख पूर्ण उलगडलेले. ती घडी उलगडायला आख्खा रविवार गेला. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढे होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं. आता त्यांना एकच हवं होतं. कुणीतरी थांबून तो बघावा. खरंच थांबून.

आणि संधी आली. संचालकांनी ठरवलं की प्रवेशदाराशीच एक मोठी काचपेटी करायची. विषय, पंख. एका बाजूला फळखाऊ वटवाघळाचा सांगाडा, दुसरीकडे भुंगेरा. हाडं आतून असलेला प्राणी कसा उडतो आणि हाडच नसलेला, सगळं चिलखत बाहेरून घातलेला प्राणी कसा उडतो, याची तुलना. त्या दिवशी भुंगेबाईंनी टॉयलेट विचारणाऱ्या बाईला स्वतः दारापर्यंत नेऊन सोडलं.

मग आराखडा आला. पेटीभर पंख पसरलेलं वटवाघूळ, आणि खाली कोपऱ्यात भुंगेरा. त्याच्यासमोर भिंग. भुंगेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच संचालकांच्या खोलीत गेल्या. हाडवाले तिथे आधीच चहा पीत बसलेले. असायचेच.

"साहेब, तुलना म्हणता ना? मग दोघांना एका ओळीत उभं करा. हा तर साहेब आणि त्याचा शिपाई झाला."

"अहो बाई, आकार बघा ना. वटवाघूळ केवढं, भुंगेरा केवढा."

"आकारानं तुलना करायची तर खालचा देवमासाच वर आणा."

हाडवाले खोकल्यासारखं हसले. "बाई, रागावू नका, पण वटवाघळाचा पंख म्हणजे खरं तर हात आहे. चार बोटं लांबवून त्यांवर कातडं ताणलंय, अंगठा तेवढा मोकळा. लोकांना आपला हात दिसतो त्यात, म्हणून बघतात. शिवाय फळं खाऊन बिया लांबलांब टाकतं. जंगलं उठतात त्याच्यामुळे."

"तुमचं वटवाघूळ फळ चोखतं, चोथा थुंकतं, बी टाकतं आणि जातं निघून. ते बी पडतं कशात? मातीत ना? मेलेल्या झाडाची माती कोण करतं? माझ्या भुंगेऱ्याची अळी वर्षवर्ष अंधारात बसून लाकूड खाते तेव्हा होते ती माती. पण तिला कुणी बघत नाही, कारण ती उलटी लटकून तमाशा करत नाही!"

"आणि कातड्याचं म्हणाल तर," त्या पुढे म्हणाल्या. आदल्या रात्री नवरा जे बोलला होता ते त्यांनी बेधडक आपलं म्हणून ठोकून दिलं, "वटवाघळानं कपडा अंगालाच शिवून घेतलाय, काढायची सोय नाही. माझा भुंगेरा पंख घडी घालून पेटीत ठेवतो. लागेल तेव्हा काढतो. यातलं जास्त अवघड कुठलं, सांगा."

"बरोबर आहे बाईंचं," हाडवाले म्हणाले.

ते असे चटकन कबूल व्हायचे, त्यानं तर भुंगेबाई जास्तच चिडायच्या. भांडायला माणसानं समोर उभं तरी राहावं!

संचालकांनी पेटी अर्धी अर्धी करून दिली. सुतारानं मधोमध उभी काच बसवली. वटवाघूळ पंख अर्धे मिटून लटकवायचं, भुंगेरा उंच पट्टीवर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवायचा. भुंगेबाई खूश व्हायला हव्या होत्या. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि त्यांचं तोंड कडू झालं. मधल्या काचेत पलीकडच्या दिव्याची तिरीप उमटत होती. भुंगेऱ्याच्या जागी आधी प्रकाशाचा पट्टा दिसायचा, मग मान वाकडी केली तर रिकामी पट्टी. शिवाय काच असल्यानं त्यांची बाजू वेगळ्या खोपट्यासारखी वाटत होती.

"ही काच काढा," त्या सुताराला म्हणाल्या.

सुतारानं हाडवाल्यांकडे पाहिलं. हाडवाल्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

"बाई, मधली काच राहू द्या. माझ्याकडचं सामान कुठून येतं ते तुम्हाला सांगायला नको."

"तुम्ही गोठवता ना?"

गोठवायची त्यांची पद्धत होती. टाकीतून निघालेला सांगाडा फ्रीझरमध्ये ठेवायचा, म्हणजे कवटीच्या भोकांत दडलेल्या अळ्या मरतात. मग बाहेर काढून ऊब द्यायची, म्हणजे तरीही वाचलेली अंडी फुटतात. मग पुन्हा गोठवायचा. पहिल्या खेपेला अळी मरते, दुसऱ्या खेपेला तिचं बाळ. हे भुंगेबाईंनीच एकदा आरडाओरडा करून नियम म्हणून लावून घेतलं होतं.

"एक खेप झालीय. दुसरी व्हायचीय," हाडवाले म्हणाले.

"दुसरीला किती दिवस?"

"ऊब देऊन, परत गोठवून, बरेच जातील. घाई काय आहे?"

घाई होती. संचालक दुसऱ्या दिवशी परगावी निघाले होते, ते काही आठवड्यांनी, उद्घाटनालाच परतणार. मागे त्यांचा मदतनीस राहणार होता, आणि त्याला भुंगेरा पुन्हा कोपऱ्यात, भिंगाखाली हवा होता. वटवाघूळ आणि भुंगेऱ्याच्या जागा साहेबांच्या डोळ्यांदेखत पक्क्या झाल्या, पेटीला कुलूप लागलं, म्हणजे मग कुणाची टाप नव्हती. भुंगेबाईंना सगळं कळत होतं. त्या टाकीतली एक अळी काय करू शकते हे त्या मजल्यावर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. झाडूवालीच्या पदराला भिणारी ही बाई. पण अर्धी पेटी हातची जाते म्हटल्यावर माणसाची अक्कल कुठे जाते कोण जाणे.

"एकदा गोठवलंय ना? मेले असतील. आणा तुमचं वटवाघूळ. आणि काच काढा, मी सांगते."

"बाई—"

"मी सांगते म्हटलं ना! किडे माझे आहेत की तुमचे?"

हाडवाले गेले आणि वटवाघूळ घेऊन आले. ते खरोखर देखणं होतं, हे भुंगेबाईंनी मनातल्या मनात मान्य केलं. कुत्र्यासारखी लांबट कवटी, बांगडीच्या काचेसारखी बारीक बोटं. त्याच्या समोर, एका हाताच्या अंतरावर, मध्ये काहीच नसताना, त्यांचा भुंगेरा पंख उघडून बसला. दोघं सारखे दिसत होते. साहेबांनी मान डोलावली. डांबरगोळ्यांना वास येतो म्हणून त्या ठेवू दिल्या नाहीत. हाडवाल्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पेटीवर कापड चढलं. आत दिवे मात्र चालूच राहिले, कारण इलेक्ट्रिशियनला ते सलग जळवून तपासायचे होते. पेटी छान ऊबदार झाली.

उद्घाटनाला नवरा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. सासूबाईही आल्या. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. संचालकांचं भाषण लांबलं. शेवटी कापड ओढलं गेलं आणि सगळा घोळका "वा!" म्हणत पुढे सरकला.

वटवाघळापुढे.

भुंगेबाई खांबाला टेकून बघत होत्या. माणसं डावीकडे गर्दी करत होती, एकमेकांच्या खांद्यांवरून वाकत होती, आपला पंजा पसरून काचेला लावून त्या हाडांशी ताडून बघत होती. हाडवाले मध्ये उभे राहून सांगत होते, लोक हसत होते. उजव्या अर्ध्यापाशी एक जोडपं आलं, कारण डावीकडे जागा नव्हती.

"हे काय, झुरळ आहे का?" त्यातला पुरुष म्हणाला.

"झुरळ नाही हो, आमच्या घरी वाढलाय तो," सासूबाई खुर्चीतून ठसक्यात म्हणाल्या. जोडप्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते लगबगीनं पुढे गेलं.

भुंगेबाईंचे डोळे भरून आले. एवढं भांडून, ओरडून, सुताराशी वाकडं घेऊन मिळवलेली अर्धी पेटी, आणि तिच्यासमोर फरशी रिकामी. त्यांना वाटलं, आत्ता खुर्ची उचलावी, टॉयलेटच्या दाराशीच जाऊन बसावं आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहावं. नवरा जवळ येऊन म्हणाला, "मला दिसतोय ना, छान दिसतोय." त्यावर त्या फिस्कारल्या, "तुम्हाला तो शिवण करतानाही दिसतच होता!"

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी गर्दीतून बाहेर पडली. तिला टेकायला काहीतरी हवं होतं. तिनं उजव्या काचेवर हात ठेवला, दम खाल्ला, सहज आत पाहिलं, आणि काठी पडेल इतक्या जोरात ओरडली.

"अगं बाई! हलला!"

"काय हलला, आजी?"

"हा! पाय हलवला यानं! जिवंत आहे!"

पुढच्या क्षणी डावी बाजू रिकामी होऊ लागली. माणसं धावली. मोबाइल वर झाले. बापांनी मुलींना खांद्यावर घेतलं. "खरंच हलतोय!" "शिंग बघ केवढं!" "पंख बघ, पंख! घडी कशी घालत असेल?" संचालक स्वतः चष्मा पुसत आले. वटवाघूळ एकटं लटकत राहिलं आणि भुंगेऱ्यापुढे माणसांच्या तीन-चार रांगा झाल्या.

"बघ," नवरा त्यांच्या कानाशी म्हणाला, आनंदानं त्याचा आवाज फाटत होता, "बघ, तुझ्या भुंगेऱ्यापुढे गर्दी!"

भुंगेबाई गर्दी सारत काचेपाशी गेल्या. मधला डावा पाय खरंच थरथरत होता. तो आत ढकलला जात होता, मग बाहेर. जिथे पाय अंगाला मिळतो त्या सांध्यातून एक केसाळ, तपकिरी टोक बाहेर डोकावलं, वळवळलं आणि परत आत गेलं. पट्टीच्या पांढऱ्या कागदावर, टाचणीभोवती, चाळून टाकल्यासारखी बारीक भुकटी पडली होती. कितीतरी दिवसांपासून पडत असावी.

अळी कुठून आली, कशी आली, कुणी आणवली, विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायची गरज नव्हती. त्यांना हाडवाल्यांवर ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं एक अक्षर सापडत नव्हतं. पंख उलगडण्यात गेलेला तो रविवार, बादली, नवऱ्याचे वाकडे पाय, सगळं त्या भुकटीत होतं. आणि मागून लोक म्हणत होते, "जरा वाका ना बाई, आम्हालाही बघू दे."

हाडवाल्यांनी त्यांचा चेहरा पाहिला. ते पोट सांभाळत गर्दीतून आले, काचेला नाक लावलं आणि पांढरे पडले. "मी सांगितलं होतं" असं ते म्हणाले नाहीत. खिशातून त्यांनी किल्ली काढली.

"बाई, आत्ता काढला तर डोकं वाचेल," ते हळूच म्हणाले. "शिंग आणि पंख तरी. थेट फ्रीझरमध्ये नेतो. पण लगेच. मी लोकांना मागे घेऊ?"

भुंगेबाईंनी वळून पाहिलं. माणसं टाचा उंचावून बघत होती. जिन्यापर्यंत गर्दी गेली होती, आणि एक बाई तिच्या नवऱ्याला सांगत होती, "नाही, मला नीट बघायचाय तो, आपण थांबू या."

हाडवाल्यांनी किल्ली कुलपाला लावली. भुंगेबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मागच्यांना बघू दे आधी."